ठेवणे, मांडणे, मोडणे : चैत्रगौरीची आरास आणि घरातील ठेव्यांचा इतिहास

घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वस्तूंविषयी बोलताना मराठी माणूस मुख्यतः तीन क्रियापदे वापरतो. वस्तू ‘ठेवली’ जाते, ती प्रसंगपरत्वे ‘मांडली’ जाते, आणि केव्हातरी ती ‘मोडीत’ निघते. या तीन शब्दांत अशा वस्तूंचे सारे आयुष्य सामावलेले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. प्रस्तुत लेखात या तीन अवस्थांपैकी मधल्या अवस्थेचा, म्हणजे मांडण्याचा, विचार केला आहे. आणि त्यासाठी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवानिमित्त घरोघरी केली जाणारी आरास हे उदाहरण निवडले आहे. ही आरास वरवर पाहता केवळ शोभेची दिसते. तथापि तिची रचना, तीत येणाऱ्या वस्तू आणि त्या वस्तूंविषयी घरात होणारे बोलणे यांचा एकत्र विचार केला, तर मराठी घरांतील स्त्रियांच्या वंशपरंपरेचे ते एक साधन होते, असे दिसून येते. कागदोपत्री ही परंपरा फार थोड्या प्रमाणात उतरली असल्यामुळे या साधनाचे मोल अधिक आहे.

१. तीन क्रियापदे

प्रथम शब्दांकडे वळू. ‘ठेवणे’ हा धातू संस्कृत ‘स्थापय्’, प्राकृत ‘ठव’ या मार्गाने मराठीत आला. त्यापासून ‘ठेव’, ‘ठेवा’, ‘ठेवण’ आणि ‘ठेवणीतला’ हे शब्द सिद्ध झाले. ‘ठेव’ ही दुसऱ्याच्या हवाली केलेली, परत मागता येण्याजोगी वस्तू. ‘ठेवा’ हा मागे राहिलेला, मोलाचा संचय. ‘ठेवणीतले’ लुगडे म्हणजे रोज न नेसता प्रसंगासाठी राखलेले लुगडे. तिन्ही शब्दांत एक अर्थच्छटा समान आहे : वस्तू आज वापरात नाही, पण तिचे प्रयोजन संपलेले नाही, ती पुढच्या एखाद्या दिवसासाठी राखलेली आहे.

‘मांडणे’ हा धातू संस्कृत ‘मण्ड्’ म्हणजे शोभविणे, सजविणे यावरून आला. ‘मंडन’ आणि ‘मंडित’ या तत्सम शब्दांत मूळचा अर्थ शाबूत आहे. मराठीत मात्र त्याचा पुष्कळ विस्तार झाला. मराठीत पाट मांडतात, डाव मांडतात, चूल मांडतात, हिशेब मांडतात, संसार मांडतात आणि आपले म्हणणेही मांडतात. सजविणे, क्रम लावणे आणि दुसऱ्यापुढे स्पष्ट करून ठेवणे, असे तीन अर्थ या एका धातूत एकवटले आहेत. वडीलधाऱ्यांकडून आलेल्या वस्तू पायऱ्यांवर ओळीने रचून आल्यागेल्यापुढे ठेवणे याला मराठीत ‘मांडणे’ म्हणतात, तेव्हा हे तिन्ही अर्थ एकाच वेळी जागे असतात.

‘आरास’ हा शब्द फारसीतून आला. ‘आरास्तन’ म्हणजे सजविणे या फारसी धातूशी त्याचा संबंध आहे. दरबारी थाटाचा हा शब्द घरगुती व्रताला चिकटावा, हे मराठी घरावर राजदरबारी राहणीचा जो संस्कार झाला त्याचे एक लहानसे गमक मानता येईल.

‘मोडणे’ हे ‘मांडणे’च्या विरुद्ध टोकाचे क्रियापद होय. डाव मांडतात आणि मोडतात. संसार मांडतात आणि मोडतो. परंतु धातूच्या वस्तूंच्या बाबतीत त्याला एक व्यावहारिक अर्थ आहे. जुने भांडे केवळ वजनाच्या भावाने विकणे म्हणजे ते ‘मोडीत घालणे’. मोडीत गेलेल्या भांड्याचे तांबे वा पितळ उरते. त्याचा आकार, त्यावरील अक्षरे आणि त्याची हकीकत ही तिन्ही जातात.

२. आराशीची रचना

चैत्र शुद्ध तृतीयेस देव्हाऱ्यातील गौर पाळण्यात किंवा लहानशा झोपाळ्यावर बसविली जाते आणि वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, तिचे उत्थापन होते. या महिन्याभरात सोयीचा एखादा दिवस पाहून सुवासिनींना हळदीकुंकवास बोलाविण्याची चाल महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत व इतर काही पांढरपेशा घरांत रूढ आहे. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, ओटीत घालावयाचे भिजविलेले हरभरे, आणि दाराशी किंवा अंगणात चैत्रांगणाची रांगोळी ही त्या दिवसाची ठळक अंगे होत.

आराशीचा सांगाडा घरातील सामानाचाच असतो. पेट्या, ट्रंका, चौरंग, पाट आणि डबे उतरत्या क्रमाने रचून पायऱ्या केल्या जातात. त्यांवर ठेवणीतली पैठणी, शालू किंवा शाल अंथरली जाते. वरच्या पायरीवर गौरीचा पाळणा, दोन्ही बाजूंस समया, पाठीमागे आरसा किंवा उंची लुगड्याचा पडदा, मधल्या पायऱ्यांवर चांदीची भांडी, बाहुल्या, लाकडी खेळणी व भातुकलीतील चिमुकली भांडी, आणि खालच्या पायऱ्यांवर फराळाचे जिन्नस व कमळाच्या आकारात कापलेले कलिंगड, असा सर्वसाधारण क्रम असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या पेट्यांत या वस्तू वर्षभर ठेवलेल्या असतात, त्याच पेट्या त्या दिवशी वस्तूंच्या खालची पायरी होतात. ठेवण्याचे साधनच मांडण्याचे साधन बनते. आणि दिवस मावळला की वस्तू पुसून, कापडात गुंडाळून पुन्हा पेटीत जातात. जुन्या पद्धतीत मांडणी ही अल्पकालीन होती, हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

३. पाळण्यात कोण बसते?

या साऱ्या आराशीच्या केंद्रस्थानी असलेली गौर ही बहुधा अन्नपूर्णेची लहानशी धातूची मूर्ती असते. पुष्कळ घरांत ही मूर्ती मुलीला लग्नात माहेराहून मिळते. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर अन्नपूर्णा व बाळकृष्ण देण्याची चाल सर्वपरिचित आहे. याचा अर्थ असा की, सासरच्या देव्हाऱ्यातील कुलदैवते, टाक आणि शाळिग्राम यांच्या पंक्तीत बसलेली ही एक मूर्ती बाहेरून आलेली असते, आणि ज्या स्त्रीने ती आणली तिच्या माहेरची ती खूण असते.

लोकसमजुतीनुसार चैत्रात गौर माहेरी येते. सासुरवाशीण स्त्री आपल्या माहेराहून आलेली मूर्ती पाळण्यात बसवून तिला माहेरपण करते. आणि ज्या घरात ती स्वतः सून आहे, तेच घर त्या महिन्यापुरते गौरीचे माहेर ठरते. देवी आणि तिची पूजा करणारी यांच्या नात्यातील ही उलटापालट आराशीला अर्थ देते. भोवतालच्या पायऱ्यांवर येणाऱ्या वस्तूंकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांच्या निवडीतील सूत्र उलगडते. भातुकली आईच्या खेळण्यातली असते, चांदीची वाटी बारशाच्या वेळी आजोळहून आलेली असते, तबक अधिक महिन्यात जावयाला अनारशांबरोबर वाण म्हणून दिलेले असते, आणि पायरीवरची पैठणी आजेसासूच्या किंवा आईच्या ठेवणीतली असते. लग्न, डोहाळजेवण, बारसे, मुंज, अधिक मास या प्रसंगांनी एका घरातून दुसऱ्या घरात गेलेल्या या वस्तू आहेत, आणि त्यांचा हा प्रवास बहुधा एखाद्या स्त्रीच्या हाताने घडलेला आहे.

भाद्रपदातील ज्येष्ठा गौरींशी तुलना केल्यास हा विशेष अधिक स्पष्ट होतो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा त्यांचा क्रम असतो. मराठवाडा व विदर्भ या भागांत त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांचा प्रसार पुष्कळ अधिक जातींत आहे, आणि त्यांच्यापुढेही फराळाची व खेळण्यांची मांडणी असते. परंतु त्यांचे मुखवटे व प्रकार घराण्याच्या कुळाचाराचे असतात. ते सासूकडून सुनेकडे जातात, आणि भाऊ विभक्त झाले तर गौरी कोणाकडे राहणार असा प्रश्न उभा राहतो. तेथे परंपरा सासरची. चैत्रगौरीच्या पाळण्यात मात्र माहेराची परंपरा बसते.

पायऱ्यांवरच्या मांडणीची अशी घडण महाराष्ट्राबाहेरही आढळते. तमिळ प्रदेशात नवरात्रात मांडल्या जाणाऱ्या कोलूत रक्तचंदनाच्या लाकडाचे जे बाहुल्यांचे जोडपे असते, ते मुलीला लग्नात माहेराहून देण्याची रीत आहे. जपानात ३ मार्चच्या मुलींच्या सणासाठी मांडल्या जाणाऱ्या बाहुल्याही पुष्कळदा मुलीच्या आजोळाहून येतात, आणि सण उलटल्यावर त्या लवकर आवरून ठेवाव्यात, नाही तर मुलीचे लग्न लांबते, अशी तेथे समजूत आहे. या तीन चालींत ऐतिहासिक संबंध आहे असे सुचवावयाचे नाही. एका घरात जन्मून दुसऱ्या घरात जाणाऱ्या स्त्रीच्या जीवनक्रमातून सारख्या स्वरूपाचा आचार ठिकठिकाणी उगवतो, एवढेच त्यांवरून दिसते.

४. जंगम वस्तूच का?

स्त्रियांच्या परंपरेची खूण लहानशा, हलविता येण्याजोग्या वस्तूंतच का शिल्लक राहिली, याचे उत्तर काही अंशी धर्मशास्त्रात व कायद्यात सापडते. मनुस्मृतीच्या ९ व्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत : विवाहाग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना मिळालेले, प्रीतीने दिलेले, आणि भाऊ, आई व बाप यांच्याकडून मिळालेले. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने स्त्रीधनाची व्याप्ती वाढविली आणि त्याच्या वारशात मुलींना अग्रक्रम दिला. शेत, वाडा, वतन हे मुलाकडे जावयाचे. आईचा दागिना, भांडे, वस्त्र यांवर मुलीचा हक्क पोचावयाचा. प्रत्यक्ष व्यवहारात हा हक्क कितपत पाळला गेला हा वेगळा प्रश्न आहे. पण आईने मुलीला काही मागे ठेवावयाचे म्हटले, तर तिच्या हाती बहुतेक अशाच जंगम वस्तू होत्या, हे उघड आहे.

१९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालक ठरविले. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क दिला. तेव्हा ज्या शतकांत ही आरास घडली व रुळली, त्या शतकांत पायरीवरची चांदीची वाटी ही स्त्रीच्या दृष्टीने केवळ शोभेची वस्तू नव्हती; तिच्या मालकीचा तो जवळजवळ एकमेव लेख होता.

‘लेख’ हा शब्द येथे अक्षरशः घेण्यास हरकत नाही. मराठी घरांत भांड्यांवर नावे घालण्याची चाल आहे. मोठ्या पंगतीसाठी भांडी शेजारीपाजारी उसनी जात, ती परत येताना अदलाबदल होऊ नये, हे तिचे व्यावहारिक कारण. अशा भांड्यावर घरमालकाची आद्याक्षरे पुरत. भेट दिलेल्या भांड्यावर मात्र छिन्नीने ठोकलेल्या टिंबांत एक छोटे वाक्यच उमटते : घेणाऱ्याचे नाव, देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख. त्यात क्रियापद बहुधा नसते. घेणारी ‘हिस’ या चतुर्थीच्या रूपाने दर्शविली जाते, देणारा ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाने, आणि प्रसंग ‘निमित्त’ या शब्दाने. शेवटी ‘सप्रेम भेट’. मनुस्मृतीतील प्रीतिदत्ताचा हा मराठी अनुवादच म्हणावा लागेल. ताम्रपटात राजाने दिलेल्या गावाची नोंद असते. येथे मावशीने दिलेल्या तांब्याची असते. दाता, प्रतिग्रहीता, निमित्त आणि काळ ही दोहोंची अंगे मात्र सारखीच आहेत.

तरीही या लेखांना एक मर्यादा आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल ज्या घरांत होती, तेथे भांड्यावर पुष्कळदा सासरचे नाव येते. माहेरी तिला काय म्हणत, हे भांडे सांगत नाही. ते सांगण्यासाठी माणूस लागते.

५. मांडणीबरोबरचे बोलणे

म्हणूनच आराशीचे दुसरे अर्धांग म्हणजे तिच्याभोवतीचे बोलणे होय. हळदीकुंकवास आलेली स्त्री एखादी वस्तू पाहून ‘ही कुठली?’ असे विचारते, आणि घरची स्त्री उत्तर देते. या उत्तराची भाषिक घडण ठराविक असते. त्यात षष्ठीची साखळी येते : ‘सासूबाईंच्या आईच्या लग्नातली समई’, ‘आत्याबाईंच्या बारशाचे वाळे’. नाम शेवटी येते आणि त्याआधी ‘च्या’, ‘तली’, ‘चे’ या रूपांनी दोन-तीन पिढ्या मागे जाता येते. या साखळीतील दुवे नात्याचे असतात आणि ते बहुतांशी स्त्रियांचे असतात. आईची आई, तिची सासू, तिची नणंद, असा हा वंशवृक्ष वाकड्यातिकड्या वाटेने चालतो. घराण्याच्या वंशावळीशी तो जुळत नाही.

कालनिर्देशही अशाच पद्धतीने होतो. सनाऐवजी घटना येते. १८९७ च्या सुमारास पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा लोक गाव सोडून झोपड्यांत राहावयास गेले. ‘प्लेगात पुरून ठेवलेली भांडी’ हा निर्देश त्या काळाचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून मुठेकाठच्या पेठांतील असंख्य घरांची चीजवस्तू वाहून गेली. ‘पानशेतात वाचलेली’ एवढे म्हटले की पुणेकरांच्या घरी त्या वस्तूचे वय व भाग्य दोन्ही कळतात. ‘बहात्तरच्या दुष्काळात मोडलेली पाटली’ या शब्दांत तर नसलेल्या वस्तूचीही नोंद होते. सार्वजनिक इतिहास आणि घरगुती इतिहास यांचा सांधा अशा बोलण्यात आपोआप जुळतो.

या बोलण्यातील एक उणीवही सांगणे अगत्याचे आहे. हळदीकुंकू हा सुवासिनींचा समारंभ होता. घरातील विधवा आजी, जिच्या तोंडी या साखळीतील जुन्यात जुने दुवे असावयाचे, ती त्या दिवशी माजघरात किंवा स्वयंपाकघरात राहत असे. पायरीवरची वस्तू तिची असली, तरी ती मांडणारा व तिची हकीकत सांगणारा हात दुसऱ्याचा असे. आराशीला स्त्रियांच्या इतिहासाचे साधन म्हणताना, त्या साधनातून कोणाचा आवाज वगळला गेला, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. तसेच ज्या घरांत चांदीची वाटी नव्हती, तेथे ठेवा नव्हता असे नाही. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीत आईचे व सासूचे लुगडे ओळखू येते. आणि घरोघरचे जाते, त्यावर म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांसह, आईकडून लेकीकडे जाणारा सर्वांत मोठा ठेवा होता.

६. काच, तसबीर आणि कायमची मांडणी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडणीच्या स्वरूपात पालट होऊ लागला. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना स्थापन झाला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. स्वस्त रंगीत चित्रे घरोघरी पोचली. देवीच्या छापील चित्रावर जर, टिकल्या, मणी व कापडाचे तुकडे शिवून वा चिकटवून तिला नेसविण्याची हौस स्त्रियांत निर्माण झाली. असे चित्र चौकटीत बसले की तेही घरचा ठेवा होई. त्याबरोबरच छायाचित्र आले. वारलेल्या वडीलधाऱ्यांची तसबीर दिवाणखान्याच्या भिंतीवर लागली आणि तिला हार चढू लागला. ‘तसबीर’ हा शब्द अरबी-फारसी परंपरेतला, तसाच ‘दिवाणखाना’ही त्याच परंपरेतला. पुरुषांच्या बैठकीच्या या जागेत कायमची मांडणी प्रथम रुळली.

विसाव्या शतकात वाड्याची जागा चाळीने आणि पुढे सदनिकेने घेतली. माळा, फडताळ, कोनाडा ही ठेवण्याची ठिकाणे कमी झाली आणि काचेचे कपाट आले. ज्या वस्तू वर्षातून एकदा मांडल्या जात, त्या बारा महिने काचेआड दिसू लागल्या. जी वस्तू सदैव समोर असते, तिच्याविषयी कोणी विचारीत नाही. मांडण्याचा दिवस गेला, त्याबरोबर सांगण्याचा प्रसंगही गेला. त्याच सुमारास स्वयंपाकघरात पोलादी भांडी आली. कल्हई, घासणे, वजन यांचा त्रास वाचावा म्हणून तांब्यापितळेची भांडी मोठ्या प्रमाणावर मोडीत गेली, आणि त्यांच्यावरील टिंबांचे लेख वितळले.

७. संशोधकाची पेटी आणि संग्राहकाचे कपाट

मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधकांनी घरात प्रवेश केला नाही असे नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. माळ्यावरची दप्तरे धुंडाळण्यासाठी संशोधक गावोगाव हिंडले. त्या श्रमांचे ऋण मराठी इतिहासलेखन कधी विसरणार नाही. पण त्यांचा शोध रुमालात बांधलेल्या कागदांचा होता. त्याच घरातील भांड्यांच्या पेटीकडे साधन म्हणून सहसा कोणी पाहिले नाही. पुढे छापल्या गेलेल्या कुलवृत्तांतांतही वंश पुरुषांच्या क्रमाने लावला गेला. सून बाहेरून येते आणि मुलगी बाहेर जाते. दोघींनाही तेथे एखाद्या ओळीपलीकडे सहसा जागा मिळत नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील आठवणींसारखी स्त्रियांची आत्मचरित्रे हा या बाबतीतला मोठा अपवाद होय.

घरातील वस्तूंचे मोल ओळखून त्या मोडीतून वाचविण्याचे कार्य पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी केले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, पानदाने, वज्री, फण्या, दौती, बाहुल्या, वाद्ये अशा नित्याच्या वापरातील वस्तू त्यांनी व त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी जमविल्या. बालपणीच निवर्तलेला त्यांचा मुलगा राजा याचे नाव त्या संग्रहालयास दिले गेले, आणि पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. आज त्यात सुमारे २०,००० वस्तू असून त्यांतील बहुतेक अठराव्या व एकोणिसाव्या शतकातील आहेत. असंख्य घरांतील ठेवे एका बालकाच्या स्मृतीसाठी एकत्र मांडले गेले, ही या संग्रहालयाची कथा म्हणजे प्रस्तुत विषयाचेच एक विशाल रूप होय.

या संग्रहाने आकार, कारागिरी आणि कल्पकता यांचा अमोल पुरावा राखला. त्याचबरोबर संग्रहालयाची मांडणी आणि आराशीची मांडणी यांतील भेद लक्षात घेणे इष्ट आहे. संग्रहालय वस्तू प्रकाराने लावते : दिवे दिव्यांजवळ, अडकित्ते अडकित्त्यांजवळ. आराशीत समईशेजारी भातुकली येते, कारण दोन्ही एकाच माहेराहून आलेल्या असतात. पहिल्या पद्धतीत वस्तूची जात कळते, दुसरीत तिचे नाते कळते. वस्तू घरातून संग्रहालयात जाते तेव्हा ‘कडून’ आणि ‘हिस’ हे दोन्ही संबंध मागे राहण्याचा संभव असतो. यात संग्राहकाचा दोष नाही. वस्तू बाजारात आली तेव्हाच ते धागे तुटलेले असतात.

हे धागे राखता येतात, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच घडले आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात खेडोपाडींच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर ती गाणारीचे नाव व गाव यांचीही नोंद ठेवली. शब्द आणि माणूस यांची फारकत त्यांनी होऊ दिली नाही. वस्तूंच्या बाबतीतही हेच धोरण स्वीकारणे अवघड नाही. वस्तूचे नाव, धातू, माप व अंदाजी काळ यांच्या जोडीला आणखी चार गोष्टी टिपल्या पाहिजेत : ती कोणाकडून आली, कोणाला मिळाली, कोणत्या प्रसंगी मिळाली, आणि ही माहिती सांगणारीचे मूळ शब्द कोणते. शेवटच्या गोष्टीवर विशेष भर दिला पाहिजे. ‘आईच्या आईच्या लग्नातली’ या बोलण्याचे रूपांतर ‘एकोणिसाव्या शतकाचा शेवट’ असे केले, तर काळ कळतो आणि दोन स्त्रिया हरवतात.

८. समारोप

चैत्रगौरीची आरास ही घरातील ठेव्यांची तात्पुरती, सालोसाल नव्याने होणारी मांडणी होती. तिच्या मध्यभागी माहेराहून आलेली मूर्ती होती. भोवताली एका स्त्रीकडून दुसरीकडे गेलेल्या वस्तू होत्या. आणि त्या वस्तूंना जोडणारे सूत्र बोलण्यात होते. वारशाच्या कायद्याने स्त्रीला स्थावर दीर्घकाळ नाकारले, कुलवृत्तांताने ओळ आखडती घेतली, संशोधकांनी कागद पाहिले. या तिन्ही ठिकाणी जे उतरले नाही, ते वर्षातून एक दिवस पायऱ्यांवर मांडले जात होते. काचेच्या कपाटाने वस्तू राखली, पण प्रश्न विचारण्याचा दिवस नाहीसा केला. मोडीने तर वस्तूही नेली.

आजही पुष्कळ घरांत चैत्रात गौर पाळण्यात बसते आणि पेट्या उघडतात. ज्यांना पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची षष्ठीची साखळी अडखळल्याशिवाय सांगता येते, अशा स्त्रिया अद्याप आहेत. त्यांची संख्या मात्र वर्षागणिक घटते आहे. मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांतील विद्यार्थ्यांना आपल्याच घरापासून या कामास आरंभ करता येईल. त्यासाठी दूरच्या दप्तरखान्याची परवानगी लागत नाही. पायरीवरची एक वाटी उचलून ती उलटी करावी, बुडावरची टिंबे वाचावीत, आणि जी अक्षरे तेथे नाहीत ती घरातील वृद्धेला विचारून, तिच्याच शब्दांत, लिहून घ्यावीत.